मुकी गिटार

"आई, आता एक शब्द बोलू नका," सून म्हणाली आणि तिने गिटारीच्या पोटात वायर खुपसली.

सासूबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसल्या होत्या. आपल्याच स्वयंपाकघरात आपल्याला गप्प बसवणारी बाई अजून जन्माला यायचीय, असं त्यांचं ठाम मत होतं.

"मी कुठं बोलतेय? मटार बोलतायत."

वायरीचं दुसरं टोक एका लाल डबीत गेलं, डबीची वायर कॉम्प्युटरमध्ये गेली आणि सुनेने हेडफोनच्या दोन वाट्या कानांवर चढवल्या. मग तारा छेडल्या. खोलीत नुसतं टिकटिक. स्पीकर नसला की ही विजेवरची गिटार मुकीच. जो काय नाद असेल तो वायरीतून डबीत, डबीतून कॉम्प्युटरमध्ये आणि तिथून एकट्या सुनेच्या कानात. सासूबाईंना हा सगळा प्रकारच चोरटा वाटे. वाजवायचं तर चारचौघांत वाजवावं, नाहीतर गुमान मटार सोलावेत.

पण आज त्यांना खुपत होतं ते वेगळंच. हे वाजवलेलं संध्याकाळपर्यंत एका नाटकमंडळीकडे जायचं होतं. पसंत पडलं, तर सून तीन महिने नाटकाबरोबर गावोगाव फिरणार. मुलगा बोटीवर नोकरीला. वर्षातला बराचसा काळ पाण्यातच. सूनही गेली तर घरात भांडायला उरतं कोण? भिंती? भिंतीला उलट उत्तर देता येत नाही, आणि उलट उत्तराशिवाय सासूबाईंचा घास घशाखाली उतरत नसे. अर्थात हे त्या मेल्या तरी बोलून दाखवणार नव्हत्या.

सुनेच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डबी लागतच नाहीये. मी वाजवते तेव्हा पडद्यावरची ही हिरवी पट्टी ढिम्म हलत नाही."

"कंटाळली असेल बिचारी ऐकून ऐकून."

हिरवी पट्टी टुणकन उडाली.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "अगं, ही तर माझ्या बोलण्याला हलली!"

"हं. कॉम्प्युटरचा आतला माइक चालू राहिलाय वाटतं. डबीचं सोडून तो खोलीतलंच ऐकतोय. बघते मी काय ते. पण तोवर तुम्ही तोंड मिटून बसा. नाहीतर गिटार राहायची बाजूला आणि तुमचाच आवाज जायचा मंडळीकडे."

असं होय! सासूबाईंचे हात शेंगेवरच थांबले. शाळेची पायरी त्यांनी फारशी झिजवली नव्हती, पण दोन आणि दोन किती हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. आपण बोललो की नासतं. नासलं की सून घरात.

सुनेने पुन्हा तारांना हात घातला आणि घालता घालता म्हणाली, "बाकी खालचा सुतार म्हणत होता, हल्ली तुमचा आवाज जिन्यात येत नाही. वय झालं म्हणे."

"वय झालं? कुणाचं?" सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "त्या रंधेकऱ्याला म्हणावं, आधी स्वतःच्या स्टुलाचे पाय एका उंचीचे कर! त्याच्या स्टुलावर बसलं की माणूस आपोआप लोटांगण घालतो. बायकोला पाळणा करून दिलान, तो पोरगं शाळेत जायला लागल्यावर! आणि मला म्हातारी म्हणतो? मी बोलायला लागले ना, तर त्याच्या भिंतीतले खिळे आपले आपण बाहेर येतील!"

"आई, पुरे. तुमच्यापेक्षा कुकर बरा. तीन शिट्ट्या झाल्या की गप्प तरी होतो."

"कुकर असेल तुझ्या माहेरचा! तिथं सगळेच वाफेवर चालतात, आत शिजत काही नाही. आणि आमचे चिरंजीव! वादळं बघायला समुद्रावर गेलेत. अरे, घरात दोन बायकांचं वादळ दिसत होतं की रोज, तेही कोरड्या जमिनीवर! पण नाही, ह्यांना ओलं लागतं!"

त्या बोलत राहिल्या. दूधवाला झाला, सुनेची मावशी झाली, आयुष्यात एकदाही वेळेवर न आलेला प्लंबर झाला. सून मान खाली घालून वाजवत होती. तिचे खांदे गदगदत होते. रडतेय, सासूबाईंना वाटलं, आणि काळजात बारीकसं काही टोचलं. पण माघार घेतील तर त्या सासूबाई कसल्या? प्लंबर संपल्यावर त्यांनी त्याचा भाऊ घेतला.

शेवटी सुनेने वाट्या कानांवरून उतरवल्या, डोळे पुसले आणि एक बटण दाबलं. "पाठवलं. पुन्हा ऐकून बघायला वेळ नाही. जे होईल ते होईल."

जेवताना सासूबाईंनी तिला न मागता मटारची उसळ दोनदा वाढली. "खा. रोडावलीस," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. सुनेने तो स्पीकरवर टाकला. नाटकाचे दिग्दर्शक होते.

"अहो, काय पाठवलंत तुम्ही! अख्खी मंडळी तालीम सोडून ऐकत बसली. आमचे प्रकाशयोजनाकार तर हसता हसता शिडीवरून उतरले, म्हणाले, पडेन मी. आता दुसरं कुणी बघायचं नाही. सोमवारी दोघी या."

फोन बंद झाला. सासूबाई सुनेकडे वळल्या.

"दोघी? अगं, हे लोक शुद्धीवर आहेत ना? त्यात तुझ्या गिटारीचा एक सूर नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच होते. मग तुला घेतलं कसं?"

सून हसली. "मला त्यांनी मागच्याच महिन्यात घेतलंय, आई. त्यांचं अडलं होतं ते नाटकातल्या सासूवाचून."