खेदपत्रांची चाल

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," आजोबा टीव्हीचा आवाज बारीक करत म्हणाले, "पण आमच्या ऑफिसात याहून चांगलं गायचे."

पडद्यावर गणवेशातले तरुण कारकून टेबलांवर चढून नाचत होते. मालिका युद्धाच्या काळातली होती आणि तिच्यातल्या प्रत्येकाचं कुणावर तरी प्रेम बसलेलं होतं.

"लष्करी कचेरीत गाणी?" जावई म्हणाला. "सोडली पुडी."

"सोडू दे की," नात म्हणाली आणि आजोबांच्या पायाशी येऊन बसली.

खिडकीपाशी आजी शर्टाला बटण लावत होती. तिने मान वर केली नाही. आजोबांच्या थापा ती कधीच खोडून काढत नसे.

आजोबांची नेमणूक खेदपत्रांच्या खोलीत झाली होती. आघाडीवर कुणी पडला की त्याच्या घरी जायचं पत्र तिथे टाईप होई. मजकूर ठरलेला. कळविण्यास अत्यंत खेद होतो की, मग नाव, मग पुन्हा ठरलेला मजकूर. हेडक्लार्क पूर्वी बँडमास्तर होता. पोरं रडत टाईप करतात आणि कागद भिजतात, म्हणून त्याने त्या मजकुराला चाल लावून दिली. सगळ्यांनी एका ठेक्यात बोटं चालवायची. ओळ संपली की सगळ्या यंत्रांची घंटी एकदम वाजायची.

"दुपारी ऊन तिरपं झालं की खोली तरंगायला लागायची," आजोबा म्हणाले. "टेबलं वीतभर वर. खिडकीतली कबुतरं माना डोलवायची. भिंतीवरच्या तसबिरीतला सेनापती बुटाने ठेका धरायचा."

"तसबीर छातीपर्यंतचीच असणार," नात म्हणाली. "बूट कुठून आला?"

"तोच तर चमत्कार."

समोरच्या टेबलावर आजी बसायची. तेव्हा तिला सगळे 'घड्याळ' म्हणत. तिचा ठेका कधी चुकला नाही, तिच्या कागदावर कधी खाडाखोड दिसली नाही. आजोबांचं बरोबर उलटं. त्यांचे डोळे समोर आणि बोटं वाऱ्यावर. तारखा चुकायच्या, गावं बदलायची, आणि एकदा तर एका घरी 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो' असं पत्र जाता जाता राहिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की घड्याळ गुपचूप त्यांच्या यंत्रावर बसायचं आणि त्यांची पत्रं नव्याने करून ठेवायचं.

"काय बाई प्रेम," जावई म्हणाला.

"प्रेम कसलं? तोवर आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो. नुसतं गायचो."

मग आघाडीवर माणसं कमी पडली आणि कारकुनांची पाळी आली. फळ्यावर आजोबांचं नाव लागलं. सोमवारी निघणारी गाडी. त्या दुपारी खोली अगदी हळू आवाजात गायली, आणि पहिल्यांदाच घड्याळ मध्येच अडखळलं.

"आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून ती प्रसिद्ध चूक झाली," आजोबा म्हणाले. "मन थाऱ्यावर नव्हतं. आता आपण मरणार, आता आपण मरणार, एवढंच डोक्यात. ठेका चालू, बोटं चालू. नावाची जागा आली आणि बोटांनी माझंच नाव मारलं. मला पत्ताच नाही. साहेबाने न वाचता गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या. एक प्रत आमच्या घरी गेली, एक हजेरीपटाला."

सोमवारी आजोबा गाडीत चढून बसले होते. नावं वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांचं नाव कापलेलं दिसलं.

"मेलेल्याला गाडीत घेता येत नाही," तो म्हणाला. "उतर खाली."

ती गाडी परत आली नाही.

पडद्यावरचे कारकून आवाजाविना नाचत राहिले.

"पण पणजीला पत्र गेलं ना?" नातीने विचारलं.

"गेलं तर. मी धापा टाकत घरी पोचलो तेव्हा आई पत्र मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून रडली, हसली, मग एक सणसणीत लगावली. शाळामास्तरीण होती ती. मला तिने कधी दहात चारच्या वर दिले नव्हते. हातात लाल पेन्सिल तशीच. म्हणाली, मेल्या, तुझ्या मरणाचं पत्र इतकं देखणं, की ही पेन्सिल टेकवायला जागा नाही. पुढे चौकटीत घालून भिंतीवर लावलं तिने."

मग चौकशी झाली. मुद्दाम केलं असेल तर गोळी घालायला भिंतीपुढे उभं करायचं होतं. चुकून झालं असेल तर कोठारात घोंगड्या झाडायला पाठवायचं होतं.

"मी म्हटलं, साहेब, चुकलो. साहेबाने समोर बसवून माझ्याकडून एक पत्र टाईप करून घेतलं. ते वाचलं आणि कपाळ चोळत म्हणाला, हा माणूस काहीही करू शकतो. न्या याला. युद्ध संपेपर्यंत मी घोंगड्या झाडल्या. संपल्यावर हिला मागणी घातली."

जावई हसता हसता वाकला. "म्हणजे बाबा, तुम्ही वेंधळे होतात म्हणून जगलात. वेंधळेपणाचं पदकच द्यायला हवं होतं तुम्हाला."

"वेंधळा माणूस दीर्घायुषी असतो," आजोबा खुशीत म्हणाले.

"हे सगळं खरं?" नातीने विचारलं.

"अक्षरन् अक्षर. विचार आजीला."

आजीने दोरा दातांनी तोडला. हसणाऱ्या जावयाकडे तिने एकदा पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबांनी घाईघाईने टीव्हीचा आवाज वाढवायला घेतला.

"खोटं आहे," आजी म्हणाली. "सेनापतीचा बूट खरा होता, तो मीही पाहिलाय. पण बिनचूक पत्र यांच्या हातून जन्मात कधी निघालं नाही."