नळाची जागा

तिप्पव्वानं पंचवीस मजली टॉवरच्या कारंज्यापुढं पितळी घागर ठेवली आणि शेजारी बसकण मारली.

“आजी, काय चाललंय?” वॉचमननं विचारलं.

“पाण्याला नंबर लावलाय. आमच्या वडारवस्तीचा नळ इथंच होता.”

वस्ती उठवून शहराबाहेर टाकली, त्याला जमाना झाला होता. नातवंडं म्हणायची, “आजे, तिथं नळबिळ काही नव्हता.” हल्ली तिलाही खात्री वाटेना. आठवायचं ते एवढंच, की पहाटे पहिली आली तरी पेठेतल्या बायका वडारणीची घागर रांगेच्या शेवटी सरकवायच्या.

घागर बघून टॉवरमध्ये बातमी पसरली, पाणी जाणार. रांग लागली. बादल्या आल्या, बाळाचा टब आला. एका साहेबांनी चपला ठेवल्या, दुसऱ्यांनी कुत्राच बसवला. नळ कुठंय, हे कुणीच विचारलं नाही.

मग गाऊनमधल्या एक बाई आल्या. त्यांनी दोन बोटांनी घागर उचलली आणि कुत्र्याच्याही मागं नेऊन ठेवली. “आधी आम्ही, मावशी. तुमचं नंतर.”

वॉचमन कानकोंडा झाला. तिप्पव्वाचा चेहरा मात्र उजळला.

“बघ लेकरा,” ती म्हणाली, “नळ इथंच होता.”