आठवा खड्डा

ऐन दुष्काळात शहराला आठ-आठ दिवसांनी पाणी सोडणारे महापालिकेचे इंजिनिअर वैजनाथराव उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात अँजिओप्लास्टीच्या टेबलावर आडवे होते. मनगटातून घातलेली नळी हृदयाकडं निघाली होती, आणि डॉक्टर मीनाक्षी एक्स-रे फारसा न लावता, नळीच्या टोकावरच्या सेन्सरवरून तिला वाट दाखवत होत्या.

"एवढ्याशा नसेत, न बघता?" वैजनाथरावांना पटेना. "आमची दोन फुटी पाइपलाइन सापडत नाय मॅडम. सात खड्डे झाले."

"नकाशा नाही का?"

"नकाशा कशाला? अंदाजानं खोदायचं. हात बसलाय आता."

तेवढ्यात लाइट गेली. एक्स-रे बंद पडला. सेन्सरचा पडदा तेवढा बॅटरीवर उजळत राहिला. सिस्टर धावत आल्या. "मॅडम, दारातच पाइप हुडकायलेत! जेसीबीनं आपली केबल तोडली, जनरेटरचीपण!"

"इथं खोदायला सांगितलं कोणी?" डॉक्टर कडाडल्या.

अंधारात टेबलावरून बारीक आवाज आला.



"सही माझीच हाय... पण मॅडम, तुम्ही तेवढं अंदाजानं नका जाऊ."