मूठ आणि अंगठा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. आज पुराणातली नव्हे, आपल्या पोलादपूरच्या मुरारी मिस्त्रीची गोष्ट सांगतो. सुडाची आहे, आधीच सांगून ठेवतो.

लाल झेन गाडी मुरारीच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. काच खाली गेली, आतला चेहरा दिसला आणि मुरारीच्या हातातला पाना हातातच राहिला.

हाच तो चेहरा. दोन-तीन वर्षांमागं, पुढच्या वळणावर मारुतीच्या देवळासमोर, मुरारीची बायको राहीबाई रस्त्यात पडली होती. कीर्तनाला निघालेली. आत बुवांचा अभंग रंगात आलेला, आणि तिच्या ताटातला बुक्का, फुलं डांबरावर सांडलेली. पळत्या लाल गाडीतून डोकं बाहेर काढून ह्याच चेहऱ्यानं मागं पाहिलं. गाडी थांबली नाही. नंबर कुणी टिपला नाही. राहीबाई गेली, फाईल बंद झाली.

"काका, स्प्रिंगा बदलायच्यात," देवव्रत म्हणाला. महाडच्या डॉक्टरांचा मुलगा. मधली वर्षं पुण्याला शिकायला होता, त्या संध्याकाळनंतर या रस्त्याला आज पहिल्यांदाच आलेला. "रविवारी आंबेनळी घाटात गाड्यांची पैज आहे. गाडी खाली, जमिनीलगत पाहिजे आणि कडक पाहिजे. बाबांकडे मागता येणार नाही, तेव्हा स्वस्तातलं सांगा. आणि यापुढं दर रविवारी मी इकडेच असणार."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

मुरारीनं हात पुसले. "आहेत त्या स्प्रिंगा कापल्या तर सगळ्यात स्वस्त. पन वळणावर बेडकावानी उडंल. नव्या आखूड मिळतील, पन त्यांची उंची एकदा बसली ती बसली." मग त्यानं माळ्याकडे पाहिलं. "आनि एक जुना सेट हाय. रॅलीत पळलेल्या झेनचा. शॉकअपवर आटे पाडलेत. रिंग फिरवली की गाडी पायजे तेवढी खालीवर होते, कडकपना बी फिरवून ठेवता येतो. आखूड स्प्रिंगांच्या भावात देतो."

"एवढ्यात? का हो?"

"गिऱ्हाईक बघून."

देवव्रत खूश होऊन चहाच्या टपरीकडे वळला, तशी मुरारीची लेक तुळसा पडद्याआडून बाहेर आली. त्या संध्याकाळी ती देवळाच्या पायरीवर होती. तिलाही तो चेहरा ठाऊक होता.

"आबा, ह्यो तोच."

"व्हय."

"चौकीत जाऊन सांगूया?"

"नंबर नाय, पुरावा नाय. मागं काय झालं ते बघितलंस ना."

तुळसा वाकून चाकाजवळ बसली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मग एक बोल्ट सैल ऱ्हायला तर घाटात कोन बघाया येतंय?"

मुरारीनं शॉकअप बसवले. शेवटच्या बोल्टावर पाना लावला, आणि मग बराच वेळ तो तसाच बसून राहिला. घाम नाकाच्या शेंड्यावरून बोल्टावर ठिबकत होता. तुळसा बघत होती. टपरीवरून देवव्रतची शीळ ऐकू येत होती.

गाडी जॅकवरून उतरली, तेव्हा देवव्रत चारी बाजूंनी फिरून आला. "अजून खाली घ्या, काका."

मुरारीनं रिंग फिरवली. "अजून थोडी," देवव्रत म्हणाला. अजून फिरवली. मग गाडीच्या पोटाखाली मूठ सरकवून अंगठा उभा करून पाहिला. "मूठ जाते. अंगठा उभा ऱ्हात नाय. उंचवटा आला तर थांबावं लागंल तुम्हाला. उतरून, वाकून बघावं लागंल."

देवव्रत हसला. "थांबायची सवय नाही मला, काका."

"लागंल."

"आणि तो रिंग फिरवायचा आकड्याचा पाना? तो द्या ना."

"तो हितंच ऱ्हाऊ दे. गाडी वर करावी वाटली की या. मी असतोच. तेव्हा निवांत बोलू."

गाडी गुरगुरत निघाली. वळणावर पोचली आणि तिचे मागचे दिवे लाल झाले. देवळासमोर स्पीडब्रेकर आहे. राहीबाईच्या वर्षश्राद्धानंतर मुरारीनं गावकऱ्यांना हाताशी धरून स्वतः घातलेला. मूठ, आणि वर उभा अंगठा, एवढा उंच.

गाडी थांबली. दार उघडलं. देवव्रत उतरला, आणि इकडेतिकडे बघून, जिथं फुलं सांडली होती तिथंच दोन्ही गुडघे टेकून, कपाळ डांबराला लागेल इतका वाकून गाडीखाली पाहू लागला.

तुळसा दारात उभी होती. "आबा, बोल्ट?"

"घट्ट हाय." मुरारीनं आकड्याचा पाना खुंटीला, राहीबाईच्या फोटोखाली अडकवला. "सैल ठेवला असता तर एकदाच थांबला असता गो."

तर मंडळी, महाबळेश्वरला जाताना त्या वळणावर तुमची गाडी उचकली, तर ड्रायव्हरला बोल लावू नका. हात जोडले नाहीत तरी चालेल. मनात एवढंच आणा, की राहीबाई कीर्तनाला निघाली होती.