छापखान्यामागची विहीर

“आणि ही शेवटची जागा. कुठल्याच नकाशात सापडणार नाही!” म्हणत गाईडने बंद छापखान्यामागचं गंजकं फाटक ढकललं आणि सहाही जणांना आत घेतलं. अंगणात जाळी ठोकलेली जुनी विहीर होती. दोन दिवसांसाठी शहरात येऊन गर्दीची ठिकाणं टाळणारी माणसं त्याच्याकडे यायची. ही विहीर तो मुद्दाम शेवटी ठेवायचा. इथे हमखास हशा पिकायचा.

“इथे छपाईचे खिळे जुळवणारा एक कामगार होता. सगळे त्याला झिंग्या म्हणतात. का, ते सांगायला नको.” गाईडने जागच्या जागी दोन झोकांड्या खाल्ल्या. “एका दुपारी स्वारी विहिरीत डोकावली. पाण्यात स्वतःचंच तोंड दिसलं. वाटलं, दोस्त खाली एकटाच बसलाय. म्हणाला, ‘थांब रे, आलोच!’”

सगळे खो खो हसले. एका तरुणाने जाळीवर वाकून “आलोच!” अशी हाकही मारली.

मागे उभी असलेली म्हातारी तेवढी हसली नाही. ती लेकीबरोबर आली होती. लेकीने राजवाडा ठरवला होता, तलाव ठरवला होता. म्हातारीने दोन्हींना फाटा दिला आणि हीच फेरी हवी म्हणून हटून बसली. सकाळपासून लेक त्यावरून कुरकुरत होती.

“ते प्यायलेले होते, हे कुणी सांगितलं तुम्हाला?” म्हातारीने विचारलं.

“अहो मावशी, सगळं शहर सांगतं,” गाईड हसत म्हणाला. “त्याची बायको म्हणे मरेपर्यंत मान वर करून चालली नाही.”

म्हातारी पुढे आली. तिने जाळी धरली.

“दारूचा वास नव्हता त्यांना. माझं तोंड त्यांच्या खांद्यावर होतं. नुसता शाईचा वास येत होता.”

कुणाला काही उमजेना.

“मी सात वर्षांची होते. माझे वडील इथे पहारेकरी. विहिरीवर फळ्या टाकायच्या राहिल्या त्यांच्याकडून. खेळता खेळता मी आत पडले.” ती संथपणे बोलत होती, दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तशी. “तुम्ही ज्यांना झिंग्या म्हणता, त्यांनी उडी मारली. पोहता येत नव्हतं त्यांना, हे मला पाण्यात कळलं. तरी मला उचलून त्या पुढे आलेल्या दगडावर चढवलं. म्हणाले, ‘घट्ट धर, पोरी. सोडू नकोस.’ मी धरला. वळून बघितलं, तर पाणी नुसतं हलत होतं.”

“आई,” लेक पुटपुटली. “तू हे कधी बोलली नाहीस.”

“बाबांनी मला वर काढलं. घरी नेऊन ओला फ्रॉक चुलीत घातला. म्हणाले, ‘तू आज घराबाहेर पडलीच नाहीस.’ त्यांची नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. महिन्याभरात आम्ही शहर सोडलं. बाबा होते तोवर तोंडाला कुलूप होतं. मग संसार, मुलंबाळं. पुढे वाटायला लागलं, आता सांगायचं तरी कुणाला?”

लेकीने पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. हाक मारणारा तरुण खाली मान घालून उभा होता.

अकरा वर्षं, दर शनिवारी आणि रविवारी गाईडने त्या झोकांड्या खाल्ल्या होत्या.

“मावशी, माझं चुकलं.”

“तुम्ही ऐकलं तेच सांगितलंत. मला खरं ठाऊक होतं आणि मी गप्प बसले.” म्हातारीने डोळे पुसले. “तुमच्या फेरीत या विहिरीची गोष्ट सांगतात असं कळलं, म्हणून आले. एवढं विचारायलाच आले. त्यांचं नाव काय होतं हो?”

सगळ्यांनी गाईडकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं.

अकरा वर्षांत त्याने ते कुणाला विचारलंच नव्हतं.