ज्वालामुखीच्या कपारीला

भर जूनच्या दुपारी प्रमिलाबाईंनी पुन्हा एसी बंद केला. आखातातल्या अल् घुब्रा इथल्या त्या दोन खोल्यांची भट्टी झाली, पण प्रणालीने सासूला हटकलं नाही. मुलगा तिकडे बर्फात असताना आपण गारव्यात बसायचं नाही, हा बाईंचा नेम. नेमापुढे कुणाचं काय चालणार?

मुलगा म्हणजे रुपेश, प्रणालीचा नवरा, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. कंपनीच्या कामावर तो अंटार्क्टिकात गेला होता; फेब्रुवारीत तिथल्या एका ज्वालामुखीवर त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं. शोध घेताघेता धुकं आलं, मग हिवाळा. आता तिथे सूर्यच उगवत नव्हता. कंपनीतला सकलैन दर फोनच्या शेवटी न चुकता इन्शाल्ला म्हणायचा. आज सकाळी तो "सर्च खलास, भाभी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. प्रणाली काय ते समजली. सासूला सांगायचा धीर मात्र तिला झाला नाही.

तेवढ्यात गावाहून थोरल्या सदानंदचा फोन आला. प्रमिलाबाईंनी स्पीकर लावला.

"आई, भटजी म्हणतायत, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ या. असं अधांतरी किती दिवस ठेवायचं त्याला?"

"जित्या माणसाला अग्नी देतोस? जीभ कशी झडत नाही तुझी!" प्रमिलाबाई कडाडल्या. "अरे, ज्वालामुखी आहे तो. आत आग असते त्याच्या. माझा रुपेश बसला असेल कुठल्यातरी कपारीला, उबेत."

वेडी आशा म्हणावी, तर आशेला शहाणपण असतं कधी?

बाई सुनेकडे वळल्या. "तू शाळेत भूगोल शिकवतेस ना गो? सांग याला."

चार महिने प्रणालीने हेच टाळलं होतं. आज खोटं बोलण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"आई, तो डोंगर केव्हाच विझलाय. माणूस जन्माला यायच्याही आधी. पालथ्या परातीसारखा नुसता पसरलाय, वर बर्फ. ऊब नाही हो तिथे. कुठेच नाही." आणि ती ढसाढसा रडू लागली.

प्रमिलाबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी तो पुसला नाही. फोनमध्ये सदानंद "आई, आई" करत राहिला.

"सदा," शेवटी त्या म्हणाल्या, "कर तो पुतळा."

"हो, आई."

"आणि लाकडं भरपूर घाल. फार गारठलाय रे तो."