हुंकार

शाळेत गोष्ट सांगायला आलेली म्हातारी एकेक वाक्य आपल्या बोलीत सांगायची, वर्गाच्या बाई तेच पोरांच्या भाषेत सांगायच्या आणि मध्येच डफावर थाप पडली की गाणं सुरू व्हायचं. अट एकच होती. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यांनी "हं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबते, ही तिच्या माणसांची जुनी रीत. चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून "हं" ओरडत होती. म्हातारा गेल्यापासून तिच्या घरात हुंकार द्यायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला सांगायला घेतलेली कोल्ह्याची गोष्ट चार वर्षं नदीच्या अलीकडेच अडून बसली होती.

घंटा झाली तशी पोरं दप्तरं उचलून भुर्रकन पसार झाली. बाईंनी मोबाइल पुढे धरला.

"आजी, सगळं रेकॉर्ड केलंय. तुमच्या मोबाइलवर पाठवते, म्हणजे घरी हवं तेव्हा ऐकता येईल."

डफ पिशवीत घालता घालता म्हातारी घुटमळली.

"पाठवा की, बाई. पण त्यातला तुमचा-माझा आवाज तेवढा पुसता येतो का बघा."

"अहो, मग राहिलं काय त्यात?"

 

"पोरांचं 'हं' राहू द्या. गोष्ट मी सांगेन घरी."